दोष दगडाचा की जोडणीचा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात दगडमातीचे घर म्हणजे मृत्यूचा सापळा आणि स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण रूढ झाले. आम्हांला ते अपुरे वाटते.

देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर पाहावे. चालुक्यकालीन हे बांधकामही दगडाचेच. पण इथे दगड घडवून, एकावर एक नीट बसतील असे रचलेले आहेत. दगड दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून खांब जवळजवळ आणि वरच्या तुळया आखूड. अर्थात, मंदिर उभे आहे म्हणून दगड निर्दोष ठरला, असे मात्र विद्यार्थ्यांना सांगू नये. किल्लारी इथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि होट्टलच्या मंदिरांचीही काळाच्या ओघात पडझड झालीच.

किल्लारीकडची भिंत वेगळी होती. दोन-अडीच फूट जाडीची, म्हणून भक्कम दिसणारी. प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती होत्या: बाहेर एक, आत एक, आणि मधल्या पोकळीत माती व दगडांचे तुकडे. दगड बहुधा ओबडधोबड, गोलसर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड जवळजवळ नव्हतेच. हादरा बसताच दोन्ही अंगे फुगून सुटली.

त्यात माळवदाचे ओझे. दरवर्षी गळती थांबवण्यासाठी मातीचा नवा थर घालायचा, जुना काढायचा नाही. थर अर्धा मीटर धरला आणि मातीची घनता घनमीटरला १६०० किलो, तर चौरस मीटरमागे ८०० किलो होतात. तीन मीटर लांब-रुंद खोलीवर सात टनांहून अधिक! बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र वर्गात शिकवताना याहून बोलके उदाहरण कोणते? ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या काहींच्या भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आखीवरेखीव रस्ते आले, ओळीने घरे आली. वाड्याची बंदिस्त चौकी, गुरांची जागा, धान्याची जागा मात्र नकाशात फारशी राहिली नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पातळ स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. ज्या मातीने ओझे वाढवले, तीच ऊन अडवत होती, हा हिशेब आखणाऱ्यांनी मांडायला हवा होता. आणि सिमेंट आपोआप सुरक्षित नसते: कोपऱ्यांवर सळई नीट बांधली नाही, पाणी मारण्यात कसूर केली, तर स्लॅबही मारतोच.

जुनी घरे मजबूत करण्याचा मार्ग तेव्हाही माहीत होता. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून, त्यांत वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना कवेत घेणारा पट्टा फिरवायचा. पण मदतीचा पैसा हाती आल्यावर अनेकांनी जुनी भिंत तशीच ठेवली आणि शेजारी स्लॅबची एक नवी खोली बांधली. नव्या खोलीत बहुतेकदा सामान राहिले, माणसे झोपत राहिली ती जुन्याच माळवदाखाली.