चिंध्यांची साक्ष

कला जखमा भरते, शांतता आणते, असं परिसंवादवाले सांगतात. कुणाच्या जखमा? कुठली शांतता?

मित्रांनो, चिलीतल्या बायांची कापडं बघा. ११ सप्टेंबर १९७३ ला पिनोचेच्या लष्करानं सत्ता बळकावली. हजाराहून जास्त माणसं गायब केली. त्यांच्या आया-बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली. त्यांना आर्पियेरा म्हणतात. कधी गायब झालेल्याच्याच सदऱ्याचा तुकडा वापरलेला. वर डोंगर, लख्ख सूर्य. खाली पोलीस, जोडीचा नाच एकटीच नाचणारी बाई, आणि सवाल: कुठे आहेत ते? चर्चच्या माणसांनी ही कापडं लपवून परदेशी धाडली. त्या पैशांवर चुली पेटल्या.

मी कापडगिरणीतला. चिंधी आमच्याकडं झाडून टाकायचा माल. शिलाई ओबडधोबड, माणसं बाहुल्यांसारखी. समीक्षक 'भाबडी कला' म्हणून मोकळे होतील. पण तो सूर्य भाबडा नाही. माणसं उजेडात, सगळ्यांदेखत उचलली, असं तो मला सांगतो.

एकत्र बसून शिवताना बायांचा जीव हलका झालाच. पण सवाल पुसून नाही. पिनोचे २००६ साली मेला, एकाही खटल्यात शिक्षा न होता. बेपत्तांच्या शोधाची राष्ट्रीय योजना सरकारनं काढली २०२३ साली. तोवर कापडावरचा तो सवाल पन्नाशीला टेकला होता.