अवतार, सातबारा आणि कल्पिताची मालकी

१

कल्पित विश्वात आपण प्रवेश करतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न साहित्यशास्त्राला नवा नाही. अविश्वासाला तात्पुरती रजा देणे, वाचक आणि लेखक ह्यांच्यातील संकेत पाळणे, संहितेतील रिकाम्या जागा भरणे अशी त्याची अनेक उत्तरे दिली गेली आहेत. ह्या सर्व उत्तरांच्या मुळाशी मात्र एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. कादंबरीतला वाडा कितीही वाचकांनी पालथा घातला तरी झिजत नाही. एका वाचकाने त्यात मुक्काम ठोकला म्हणून दुसऱ्याला तिथे ओसरी अपुरी पडत नाही. कल्पित हे स्वभावतःच वाटून न संपणारे असते. हा गुण इतका स्वाभाविक वाटत आला की त्याची स्वतंत्र चर्चा करण्याची निकड मीमांसकांना फारशी भासली नाही. ती आता भासावी अशी परिस्थिती निर्माण झाली आहे, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

'डिसेंट्रालँड' हे संगणकीय विश्व २० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वांसाठी खुले झाले. एस्तेबान ओर्दानो आणि आरी मैलिच ह्या अर्जेंटिनी संस्थापकांनी त्यासाठी ऑगस्ट २०१७ मध्ये 'माना' नावाचे चलन विकून सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर उभे केले होते. ह्या विश्वातील जमीन, पोशाख आणि नावे ह्यांची मालकी ब्लॉकचेनवर नोंदली जाते. ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी राखली जाणारी, जुनी नोंद कोणालाही गुपचूप खोडता येणार नाही अशी खातेवही. विश्व चौरस आहे. पूर्व-पश्चिम ३०१ आणि उत्तर-दक्षिण ३०१ असे, रस्ते व चौक धरून त्याचे एकूण ९०,६०१ भूखंड पाडलेले आहेत, आणि प्रत्येकाची बाजू १६ मीटर आहे.

ही संख्या हीच ह्या विश्वाविषयीची पहिली अर्थपूर्ण गोष्ट होय. यंत्राच्या दृष्टीने ९०,६०२ वा भूखंड निर्माण करण्यास कोणतीही अडचण नाही. ही मर्यादा निसर्गाची नव्हे किंवा तंत्राचीही नव्हे, तर निर्णयाची आहे. जी वस्तू अमर्याद असू शकते ती मोजकी ठेवायची, म्हणजे तिला किंमत येते. कल्पिताच्या इतिहासात टंचाई हीच प्रथम रचली गेली आणि मग तिच्याभोवती विश्व उभारले गेले, असे उदाहरण विरळाच.

२

ह्या विश्वात वावरणाऱ्या आकृतीला 'अवतार' म्हणतात. आपल्या परिचयाचा हा शब्द लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' ह्या खेळाने १९८०च्या दशकाच्या मध्यावर संगणकाच्या पडद्यावरील प्रतिरूपासाठी वापरला, आणि नील स्टीव्हन्सनच्या १९९२ सालच्या 'स्नो क्रॅश' ह्या कादंबरीने तो रूढ केला. 'मेटाव्हर्स' ही संज्ञाही तिचीच. इंग्रजीत फिरून आलेला हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडतो तेव्हा त्याच्या अर्थाची उलटापालट झालेली असते, आणि ती तपासण्यासारखी आहे.

आपल्याकडे अवतार 'होतो' किंवा 'घेतला' जातो. तो विकत घेता येत नाही. त्याला कार्य असते आणि कार्य सरले की तो संपतो. अवतार-समाप्ती ही अवतार-कल्पनेचाच भाग आहे. शिवाय अवतरणे म्हणजे वरून खाली येणे: अमर्यादाने मर्यादा पत्करणे. डिसेंट्रालँडमधील अवताराची दिशा नेमकी उलट आहे. मर्यादित देहाचा माणूस इथे देहाचा, वयाचा, वर्णाचा भार टाकून वर चढू पाहतो. त्याच्या अवताराला कार्य नसते, फक्त रूप असते. आणि त्या रूपाचे अंगरखे, टोप्या, पादत्राणे एकेक करून बाजारात मिळतात.

लोकपरंपरेत ह्याच्या जवळ जाणारा व्यवहार सोंगाचा आहे. रात्रीचा राजा सकाळी डोक्यावर बोजा घेऊन चालतो, असे कोकणातल्या दशावतारी नटाविषयी म्हटले जाते. त्या उक्तीत दारिद्र्याची व्यथा आहे, पण सोंगाचे तत्त्वही आहे. मुकुट हा नटाचा नसतो. तो पेटाऱ्यातला असतो, आणि उद्या दुसऱ्याच्या मस्तकी जाऊ शकतो. राजेपण मुकुटात नसून प्रयोगात असते. डिसेंट्रालँडमध्ये प्रयोग नसला तरी चालतो, मुकुट मात्र खात्यावर असावा लागतो.

'स्नो क्रॅश'चा उल्लेख इथे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. त्या कादंबरीतही आभासी रस्त्यावर जमिनीला भाव आहे. सार्वजनिक यंत्रावरून येणाऱ्या गरिबाची आकृती तिथे धूसर, कृष्णधवल दिसते. कल्पना बेतणे परवडत नाही त्याला दुकानातला तयार अवतार घ्यावा लागतो. हे वर्णन उपरोधाचे आहे. विषमता मरणोत्तर स्वर्गातही कशी सोबत येते, तशी ती आभासातही येईल, हा त्यातील ध्वनी आहे. पुढल्या पिढीतील उद्योजकांनी ही कादंबरी वाचली ती बांधकामाचा आराखडा म्हणून. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर व्यंजना बाजूला सारून अभिधाच तेवढी उचलली गेली. चुकीच्या वाचनाची उदाहरणे आपण वर्गात देतो. पण चुकीच्या वाचनातून लक्षावधी डॉलरांची नगरी उभी राहिल्याचे उदाहरण हेच.

३

अवताराच्या पोशाखांना दुर्मीळतेच्या श्रेणी आहेत. 'सामान्य' श्रेणीतील वस्त्राच्या एक लक्ष प्रती निघू शकतात, 'दुर्मीळ' श्रेणीत पाच हजार, 'दंतकथात्मक' श्रेणीत शंभर आणि 'मिथकीय' श्रेणीत फक्त दहा. 'एकमेव' म्हटलेल्या वस्त्राची प्रत अर्थातच एक.

ह्या श्रेणींची नावे साहित्याच्या अभ्यासकाला थबकायला लावतात. मिथक म्हणजे ज्याचा कर्ता सांगता येत नाही आणि जे कोणीही पुन्हा सांगू शकतो असे कथन. दंतकथा तर नावाप्रमाणेच तोंडोतोंडी जाते. जितकी पसरेल तितकी ती दंतकथा. पुनरुक्ती हेच ज्यांचे जीवन, अशा दोन कथनप्रकारांची नावे इथे प्रतींच्या कमीपणाला दिलेली आहेत. सामूहिकतेचा शब्द खाजगीपणाचे मोजमाप होतो, ह्यापेक्षा ह्या चिन्हव्यवस्थेचे अधिक बोलके लक्षण दाखविता येणार नाही.

नेल्सन गुडमन ह्यांनी १९६८ मध्ये कलांची जी विभागणी केली तिचा इथे उपयोग होतो. काही कलांत मूळ आणि प्रत हा भेद अर्थपूर्ण असतो. चित्राची बनावट प्रत निघू शकते. काही कलांत तो निरर्थक असतो. कवितेची अचूक नक्कल ही कविताच असते, बनावट कविता नव्हे. संगणकीय वस्तू निःसंशय दुसऱ्या वर्गातील आहे. अक्षरांप्रमाणेच तिची प्रत ही ती वस्तूच असते. ब्लॉकचेनचा खटाटोप ह्या दुसऱ्या वर्गातील वस्तूला पहिल्या वर्गात ढकलण्याचा आहे. बेन्यामिन ह्यांनी यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे म्हटले होते. इथे यंत्रच ते वलय पुन्हा घडवू पाहते. परंतु बेन्यामिन ह्यांच्या विचारात वलय हे वस्तूच्या इतिहासाचे, एका स्थळी एका काळी असण्याचे होते. इथले वलय पावतीचे आहे. वस्तू सर्वांना सारखीच दिसते. वेगळी असते ती तिच्यामागील नोंद.

४

मग ही नोंद नेमकी कशाची आहे? इथे मराठी वाचकाला एक घरचा दाखला मदतीला येतो. सातबारा हा शब्द आपण एकसंध उच्चारतो, पण तो दोन नमुन्यांचा जोड आहे. गावनमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणाचे कोणते हक्क आहेत हे असते. गावनमुना बारामध्ये त्या जमिनीत काय पिकले हे असते. मालकी आणि कसणे, हक्क आणि पीक ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या असू शकतात हे ह्या कागदाला ठाऊक आहे, म्हणूनच त्याला दोन भाग आहेत.

ब्लॉकचेनमध्ये सात आहे, बारा नाही. भूखंड केव्हा, कोणाकडून, कोणाकडे, किती मानाला गेला हे तिथे चिरकाल राहील. त्या भूखंडावर काय उभारले होते, कोण आले, काय बोलले, हे तिथे नाही. इमारती, चित्रे, ध्वनी हे सर्व इतर संगणकांवर वेगळे ठेवलेले असते. खातेवही अमर आहे. ज्यासाठी खातेवही लिहायची ते जग मात्र पुसले जाऊ शकते. कथनशास्त्राच्या दृष्टीने ही विलक्षण संहिता म्हणावी लागेल. तिच्यात घटनाक्रम काटेकोर आहे, पात्रे आहेत, काळ सेकंदापर्यंत नोंदलेला आहे, पण अनुभव नाही. तिला निवेदक नाही, कारण सांगण्यासारखे तिने काही पाहिलेलेच नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेला वाद ह्या दृष्टीने पुन्हा वाचावा. डॅपरडार ह्या आकडेवारी देणाऱ्या संस्थेच्या नोंदींनुसार डिसेंट्रालँडमध्ये एका दिवसात केवळ ३८ सक्रिय वापरकर्ते होते. ह्या आकड्याची बरीच थट्टा झाली. डिसेंट्रालँडच्या चालकांनी उत्तर दिले की रोजचे वापरकर्ते सुमारे ८,००० आहेत. ३८ हा आकडा केवळ खातेवहीशी व्यवहार करणाऱ्यांचा आहे. दोन्ही आकड्यांतील कोणता खरा, ह्यावर चर्चा झाली. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की चालकांचे उत्तर ग्राह्य धरले तर ते ह्या विश्वाच्या मूळ दाव्यालाच छेद देते. जो नुसता हिंडला, थांबला, कोणाशी बोलला, तो खातेवहीच्या लेखी आलाच नाही. आपल्या परिभाषेत, जो केवळ वाचक होता तो नव्हताच. खरेदीदार तेवढा होता.

प्रस्तुत लेखकाने ह्या नगरीत पाहुणा म्हणून फेरफटका केला. मध्यवर्ती चौकात काही आकृती दिसतात. पलीकडे द्यूतगृहांची वस्ती आहे, चित्रदालनांची वस्ती आहे. दालनात भिंतीवर चित्रे आणि पाहणारा एकटा आपण. त्यापुढे हिरवे, मोकळे, मालक असलेले भूखंड. टंचाई नसती तर लोक विखुरले असते आणि शेजार निर्माण झाला नसता, असा युक्तिवाद मर्यादित भूखंडांच्या समर्थनार्थ केला गेला होता. तो विचार करण्याजोगा आहे. मर्यादेवाचून स्थळाला स्थळपण येत नाही हे खरे. परंतु ह्याच नगरीत इच्छित स्थळाचे आकडे टंकित केले की क्षणात तिथे पोहोचता येते. जिथे वाट चालावी लागत नाही तिथे शेजार कसला? उरते ती शेजाराची किंमत. नोव्हेंबर २०२१ मध्ये फॅशनच्या वस्तीतील ११६ भूखंड ६,१८,००० मानाला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे चोवीस लाख डॉलरांना विकले गेले. त्याच महिन्यात पाच डॉलरांच्या वर गेलेला माना पुढील वर्षअखेर एका डॉलरच्याही बराच खाली आला होता. नगरीत एक वीटही हललेली नव्हती.

५

ह्या विश्वात नावही विकत मिळते. त्याचे मोल १०० माना ठरविलेले होते. ज्याने ते घेतले नाही त्याच्या नावापुढे खात्याचे शेवटचे आकडे चिकटतात. कारभार मतदानाने चालतो. परंतु मताचे वजन मालमत्तेवर ठरते. एका नावाला १०० मते, एका भूखंडाला २,००० मते. मालमत्ताधारकांपुरता मताधिकार ही एकोणिसाव्या शतकातील व्यवस्था 'विकेंद्रित' ह्या विशेषणासह परत आलेली आहे.

नावाच्या संदर्भात मराठी परंपरेतील नाममुद्रेची आठवण होणे अपरिहार्य आहे. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही स्वाक्षरी खरी, पण ती प्रतीला अडवीत नाही. प्रतीबरोबर प्रवास करते. नामदेव आणि विष्णुदास नामा ह्यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या आणि संशोधकांना त्या निवडीत बसावे लागले, ही तिची किंमत. पण ती मिसळण ह्याची खूण आहे की गाणाऱ्यांनी त्या रचना आपल्या मानल्या. ब्लॉकचेनवर असा घोटाळा होणार नाही. कर्तृत्वाचा प्रश्न तिथे कायमचा निकालात निघाला आहे, आणि त्याबरोबर परंपरा होण्याची शक्यताही.

ह्यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. परंपरेतील अनाम कारागीर उपाशी राहिला; त्याच्या कृतीवर कोणीही हक्क सांगितला. नव्या व्यवस्थेत दूरदेशीचा, दालनाच्या दारात ज्याला कोणी उभे केले नसते असा कलावंत आपले काम थेट विकू शकतो, आणि त्याच्या कर्तृत्वाची नोंद कोणी खोडू शकत नाही. हा लाभ खरा आहे. दशावतारी नटाच्या डोक्यावरील बोजाविषयी हळहळणाऱ्याने तो नाकारू नये. परंतु कर्त्याला मोबदला मिळणे आणि कल्पिताला कुंपण घालणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पुस्तक विकत मिळते म्हणून त्यातील गाव विकत मिळत नाही. मुद्रित ग्रंथाच्या व्यवहाराने हा भेद सांभाळला होता: प्रत माझी, विश्व सर्वांचे. डिसेंट्रालँडने तो उलटविला: रूप सर्वांना दिसते, विश्व मात्र खात्यावरचे.

म्हणून ह्या विश्वाची समीक्षा करणे हे तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. पीक न नोंदवता केवळ मालकी नोंदविणारी संहिता ही कल्पिताची आदर्श संहिता म्हणून पुढे येत असेल, तर वाचन नावाच्या कृतीला त्यात कोणता रकाना आहे हे विचारणे आपले काम आहे. आपण ज्याला साहित्य म्हणत आलो ते बहुतेक सारे बाराव्या नमुन्यातले आहे. सात कोरा राहिला तरी ते पिकत आले. बारा कोरा राहिला तर सातच्या उताऱ्याला अर्थ काय, हा प्रश्न उरतोच.