संपादकाचे चरित्र आणि चरित्राचे संपादन

१

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील भंडाऱ्याचा प्रसंग कोशात एका वाक्यात आटोपतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडारा मतदारसंघातून लोकसभेत जाण्याचा त्यांनी प्रयत्न केला, ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले, काँग्रेस पक्ष विजयी झाला, अशा आशयाचे विधान इंग्रजी विकिपीडियावरील त्यांच्या चरित्रनोंदीत वाचावयास मिळते. वाक्याचा सूर तटस्थ आहे. त्यात विशेषण नाही, शेरा नाही. त्यातील एकेक घटक सुटा घेतला तर तो खोटा ठरवणे अवघड आहे. तथापि संपूर्ण वाक्य वाचकाच्या मनात जे चित्र उभे करते, ते मात्र चुकीचे आहे.

त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि आंबेडकर पराभूत झाले. म्हणजे ‘काँग्रेस विजयी झाली’ हे विधान निम्म्या निकालाचे आहे. ‘तिसरा क्रमांक’ हा शब्दप्रयोगही दोन जागांच्या लढतीत संदिग्ध ठरतो. हा क्रमांक सर्व उमेदवारांच्या एकत्रित यादीतील की राखीव जागेच्या उमेदवारांपुरता, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ नाही. आजचा वाचक एका जागेची, एका मताची निवडणूक गृहीत धरतो आणि दोघांच्या मागे फेकला गेलेला उमेदवार डोळ्यांसमोर आणतो.

ज्याच्याविषयी हे वाक्य लिहिले गेले, तो राजकीय पुढारी होता त्याचप्रमाणे मराठी राजकीय वृत्तपत्रसृष्टीतील एक संपादकही होता. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही मालिका १९२० पासून १९५६ पर्यंत पसरलेली आहे. या मनुष्याने आपल्या लढ्याचा वृत्तान्त स्वतःच्या पत्रांतून स्वतः छापला, कारण तो अन्यत्र पुरेसा छापला जात नव्हता. अशा संपादकाचे चरित्र कोशात लिहिताना जे वाद उद्भवतात, त्यांचे मूळ व्यक्तीविषयीच्या भक्तीत वा द्वेषात आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. हे वाद ‘साधन’ या संकल्पनेचे आहेत. कोणाचा शब्द पुरावा मानावयाचा, हा त्यांचा गाभा आहे.

२

मराठीत चरित्रात्मक कोशनोंद हा लेखनप्रकार नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या उद्योगाला १९१६ मध्ये नागपुरात आरंभ झाला आणि त्याचा पहिला खंड १९२० मध्ये निघाला. त्याच वर्षी, ३१ जानेवारीस, ‘मूकनायक’चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. एका प्रकाशनाला सर्व ज्ञान एका भाषेत एकत्र आणावयाचे होते. दुसऱ्याला ज्यांचे अस्तित्व ज्ञानव्यवहारात मोजलेच जात नव्हते त्यांना बोलते करावयाचे होते. पुढे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश (१९३२, १९३७, १९४६) आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून निघालेला मराठी विश्वकोश यांनी या प्रकाराला शिस्त दिली. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव येते. मत कोणाचे, हे वाचकाला कळते. न पटल्यास वाद घालण्यास एक निश्चित माणूस उपलब्ध असतो.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला आणि ही व्यवस्था बदलली. येथे नोंदीखाली नाव नसते. प्रत्येक बदल ‘इतिहास’ या सदरात साठवला जातो आणि मतभेद ‘चर्चा’ या पानावर मांडले जातात. लिहिणे, खोडणे, पूर्ववत करणे या सर्व क्रियांना ‘संपादन’ हा एकच शब्द आहे. मराठी वृत्तपत्रव्यवहारात ‘संपादक’ हा शब्द जबाबदारीचा वाचक होता. राजद्रोहाच्या खटल्यात संपादकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत असे. नव्या व्यवस्थेत तो शब्द कोणाही सदस्याला, टोपणनावाने वावरणाऱ्यालाही, लागू झाला.

या दोन संपादकांत एक अनपेक्षित साम्य मात्र आहे. वृत्तपत्रातील अग्रलेखाखालीही सही नसते. अग्रलेखातील ‘आम्ही’ एका व्यक्तीचा असतो आणि पत्राचाही. मिशेल फूको यांनी ‘लेखक म्हणजे काय?’ या १९६९ च्या व्याख्यानात लेखकाचे नाव हे संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे, असे प्रतिपादन केले. राजकीय पत्रकाराच्या चरित्रनोंदीत या कार्याची खरी कसोटी लागते. निनावी अग्रलेखांच्या लेखकाला नाव द्यावयाचे असते, आणि ते देणारा स्वतः निनावी असतो.

३

वादांचे स्वरूप तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण ‘मूकनायक’चे. या पाक्षिकावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. पत्र मात्र त्यांचे होते, आणि आरंभीच्या अंकांतील अग्रलेख त्यांचेच मानले जातात. कोशात ‘मूकनायकचे संपादक’ लिहावे की ‘संस्थापक’? कागदावर भर देणारा सदस्य पहिला शब्द खोडतो, कार्यावर भर देणारा तो पुन्हा घालतो. दोघांजवळही पुरावा आहे. फक्त संपादकत्वाची व्याख्या दोघांची वेगळी आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे नाव आणि कार्य एकत्र आले. दोन्ही पत्रांसाठी एकच शब्द वापरून मोकळी होणारी नोंद पत्रकाराच्या वाटचालीतील हा फरक पुसून टाकते.

दुसरे उदाहरण आडनावाचे. आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकांनी आपले आडनाव या विद्यार्थ्याला दिले, अशी एक कथा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून आंबडवेकर व त्यावरून आंबेडकर असा क्रम दुसरी कथा लावते. या दोहोंतील निवड वरवर तपशिलाची वाटते. वस्तुतः एकीत नाव हे वरून मिळालेले दान ठरते आणि दुसरीत ते गावाच्या मातीतून आलेले असते. म्हणून हा तपशील वारंवार लढवला जातो, आणि एकच कथा ठेवणारी नोंद नकळत एका बाजूची होते.

तिसरे उदाहरण मराठी भाषेच्या घडणीतून येते. इंग्रजी नोंदीत ‘डॉक्टर’ आणि ‘बाबासाहेब’ गाळले की आदराचा प्रश्न बहुतांशी मिटतो. मराठीत तो क्रियापदात शिरतो. ‘तो गेला’ आणि ‘ते गेले’ यांत निवड केल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. सकर्मक भूतकाळी क्रियापद कर्म पाहून चालते. तेव्हा आदर विभक्तिप्रत्ययात जातो आणि ‘त्याने लिहिले’ की ‘त्यांनी लिहिले’ हे ठरवावे लागते. जुन्या चरित्रकोशांत पुराणकालीन राजे-ऋषींसाठी निःसंकोच एकवचन येई. अर्वाचीन व्यक्तीला ते लावणे आज अवमान मानले जाते, आणि ज्या समाजाला शतकानुशतके अरे-तुरेच ऐकावे लागले त्याच्या नेत्याबाबत तर ते केवळ व्याकरण राहत नाही. तटस्थता म्हणजे विशेषणांची गाळणी, ही इंग्रजीतून उचललेली कल्पना मराठीत अपुरी पडते. मराठीतील तटस्थतेचे व्याकरण मराठीतच ठरवावे लागेल. आदरार्थी बहुवचन सर्वांना सारखे लावणे, हाच त्याचा व्यवहार्य आरंभ होय.

४

मूळ प्रश्न साधनांचा आहे. विकिपीडियाच्या नियमांनुसार प्रत्येक विधानाला पडताळता येण्याजोगा, शक्यतो त्रयस्थ आणि प्रकाशित आधार हवा. प्राथमिक साधन सर्वथा वर्ज्य नसते, परंतु त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार दुय्यम साधनाकडे असतो. सदस्याने स्वतःचे संशोधन तेथे आणू नये, असा दंडक आहे.

हे नियम उगाच झालेले नाहीत. अमेरिकेतील ‘टेनेसीयन’ या वृत्तपत्राचे माजी संपादक जॉन सायगेनथालर यांच्या नोंदीत मे २००५ मध्ये एका निनावी माणसाने केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध सुचवणारा मजकूर घातला. रॉबर्ट केनेडी यांच्यासमवेत काम केलेल्या या पत्रकाराविषयीचे ते असत्य कित्येक महिने तसेच राहिले. २९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांनी ‘यूएसए टुडे’त लेख लिहून त्याला वाचा फोडली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवी पाने निर्माण करण्यास बंदी झाली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक धोरण आले. संदर्भाचा आग्रह सोडला तर काय होते, याचा हा धडा आहे. ‘आमच्या माणसाला नियम नको’ असे म्हणणाऱ्यांनी तो विसरू नये.

परंतु सायगेनथालर यांच्याजवळ लिहिण्यास राष्ट्रीय वृत्तपत्र होते. नियम ज्या प्रकाशित, त्रयस्थ मुद्रणविश्वाचा आधार मागतो, त्या विश्वात ते प्रतिष्ठित होते. १९२० च्या महाराष्ट्रात ‘मूकनायक’ची स्थिती याच्या उलट होती. या पत्राची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापण्यास नकार दिला, हे विधान आंबेडकरांच्या चरित्रांतून वारंवार येते. धनंजय कीर यांनीही ते नोंदवले आहे. त्यासाठी ‘केसरी’तील पुरावा कोणी मागितला तर तो कोठून आणणार? नाकारलेली जाहिरात नाकारणाऱ्याच्या पानावर उमटत नाही. नकाराची नोंद ज्याला नकार मिळाला त्याच्याकडेच राहते, आणि तो ‘संबंधित पक्ष’ असल्यामुळे त्याचा शब्द दुय्यम धरला जातो. मौनाने पुरावा निर्माण होत नाही. मौन मोडणाऱ्याचा पुरावा पक्षपाती ठरतो. तटस्थतेचा नियम अशा रीतीने जुन्या मुद्रणव्यवहारातील विषमतेचा वारसा निर्हेतुकपणे पुढे चालवतो.

यावर उपाय नियम मोडण्यात नाही, दुय्यम साधने निर्माण करण्यात आहे, हे मराठी अभ्यासाच्या इतिहासानेच दाखविले आहे. चांगदेव खैरमोडे यांच्या बहुखंडी चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये आला. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक १९९० मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध केले. गंगाधर पानतावणे यांनी आंबेडकरांच्या पत्रकारितेवर प्रबंध लिहिला. या कामांपूर्वी आंबेडकरांचे ‘पत्रकार’ हे रूप अनुयायांच्या स्मरणात होते. या कामांनंतर ते संदर्भात आले. कोशातील शब्द टिकावा यासाठी कोशाबाहेर असे काम व्हावे लागते.

५

भंडाऱ्याच्या वाक्याला हा निकष लावून पाहता येतो. कीर यांचे इंग्रजी चरित्र पोटनिवडणुकीच्या वर्षीच, १९५४ मध्ये, प्रथम प्रसिद्ध झाले. त्या निवडणुकीविषयी कार्यकर्त्यांच्या आठवणींत एक गोष्ट सांगितली जाते. आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाच न देता ते वाया घालवावे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची बेरीज घटेल, असा सल्ला आंबेडकरांना देण्यात आला. ज्याने संविधान घडवले त्याने मत कुजवण्यास सांगणे योग्य नव्हे, म्हणून तो त्यांनी नाकारला. १९५२ च्या मुंबईतील पराभवानंतर मते कुजवण्याच्या प्रचाराविरुद्ध त्यांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली होती. ही पार्श्वभूमी लक्षात घेता गोष्टीला वजन येते. ती खरी असेल तर भंडाऱ्याचा पराभव हा क्रमांकाचा विषय राहत नाही. तो एका राजकीय नीतीचा प्रसंग होतो.

कोशात ही गोष्ट वस्तुस्थिती म्हणून घालणे गैर ठरेल, आणि ती दंतकथा म्हणून खोडणेही तितकेच गैर. ‘कार्यकर्त्यांच्या आठवणींनुसार’ असा निर्देश करून, आठवण कोणी, केव्हा, कोठे छापली ते दाखवून ती ठेवता येते. ज्ञानाचा उगम वाक्यातच सांगणारी ही रचना कोशाच्या गद्याला नवी नाही. आपल्या टीकापरंपरेत ‘इति’ लावून दुसऱ्याचे मत मांडण्याची शिस्त जुनीच आहे. निर्देशाने वाद मिटत नाही. पण वाचकाला त्याची जागा दिसते, आणि न्यायनिवाड्याची जबाबदारी निनावी सदस्याकडून वाचकाकडे येते.

त्यासाठी ती आठवण आधी छापलेली असली पाहिजे. १९५४ मध्ये मतदानासाठी किमान एकवीस वर्षे वय लागत असे. त्या मतदारांपैकी आज जे हयात असतील ते नव्वदीच्या पुढे आहेत. भंडारा व १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया या दोन जिल्ह्यांतील सभांचे, मुक्कामांचे, प्रचारफेऱ्यांचे तपशील कुटुंबांच्या बोलण्यात उरले असतील, तर त्यांचे संकलन नावे व तारखांसह प्रसिद्ध होणे आणि ‘जनता’च्या त्या काळातील अंकांशी ते ताडून पाहणे हे स्थानिक महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांचे काम आहे. चर्चापानावर शंभर वेळा शब्द बदलून जे साधणार नाही, ते अशा एका पुस्तिकेने साधेल.

तोपर्यंत नोंदीतील वाक्य निदान असे हवे: ‘१९५४ मध्ये भंडारा या द्विसदस्य मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले.’ हे वाक्य मूळ वाक्यापेक्षा थोडे लांब आहे आणि त्यात गौरवाचा एकही शब्द नाही. आंबेडकरांच्या पराभवाला ते पराभवच म्हणते, आणि तो कोणत्या लढतीतील हेही सांगते.