पुतळा कुणी उभा केला? ‘पिंजरा’ची पटकथा वाचताना

मंडळी, पटकथा शिकायची म्हटलं की आपल्या कराड-सांगलीकडची पोरं पहिलं काय विचारतात? मध्यंतर कितव्या पानावर आणायचं? तीन अंक, वळणबिंदू, नायकाचं ध्येय हे सगळं पैसे भरून शिकायला मिळतं. वाईट काहीच नाही त्यात. पण त्यावर सीन उभा राहत नाही. मी म्हणतो, त्याआधी एक ‘पिंजरा’ उलगडून बघा.

१९७२ चा सिनेमा, शांतारामबापूंचा. कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटलांचे. मूळ प्रेरणा ‘द ब्लू एंजल’, १९३० चा जर्मन चित्रपट. तिथला प्राध्यापक गाणाऱ्या बाईच्या नादी लागतो, रंगमंचावर विदूषक होतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात येऊन मरतो. माणूस संपला, गोष्ट संपली.

आता आपल्याकडं काय केलंय बघा. दुसऱ्याच कुणाचं प्रेत गुरुजींचं समजून गाव रडतं, त्यांचा पुतळा उभारतं. खरे गुरुजी तिकडं तमाशाच्या फडात लाचार होऊन जगतात. आणि अखेरीस गुरुजींच्या खुनाबद्दल फाशी कुणाला? गुरुजींनाच! खरं बोलावं तर जीव वाचतो, पण पुतळा पडतो. म्हणून ते गप्प. जर्मन प्राध्यापकाची पोरं आधीपासूनच टिंगल करायची, तो पडला तर एकटाच पडला. इथं गुरुजींवर अख्खं गाव उभं आहे. राज्यात पंचायत राज येऊन दहा वर्षं झालेली, आदर्श गावाचं स्वप्न ताजं होतं. त्या प्रेक्षकासाठी पणाला काय लावायचं, हे लिहिणाऱ्यांना कळलं होतं. हे कुठल्या तक्त्यात बसवणार?

दोषही सांगतो. चंद्रकला सूड घ्यायला येते आणि जीव लावून बसते, ते वळण मला कच्चं वाटतं. तिथं लेखणीपेक्षा राम कदमांच्या चाली आणि खेबूडकरांचे शब्द जास्त राबलेत. धंद्याच्या सिनेमात गाणं हासुद्धा सीनच. गाण्याआधी आणि नंतर पात्र तिथंच असेल, तर पब्लिक चहाला बाहेर जातं. (इथं गेलं नाही, ही श्रीराम लागूंची आणि संध्याबाईंची पुण्याई!)

इथून वाटेगाव काही लांब नाही. अण्णाभाऊंची ‘वैजयंता’ वाचा. तिच्यावरचा १९६१ चा सिनेमा मिळाला तर बघा. मग वहीत सीनमागून सीन लिहून काढा, कादंबरीतलं काय गाळलं, काय नवं घातलं, कुणाचं बोलणं कुणाच्या तोंडी गेलं. वही भरली की घेऊन या, त्यावर बोलू.