अश्वांचे गजकर्ण आणि संप्रेरकविकृती : प्रचलित उपचारदृष्टीचे परीक्षण

घोड्यांच्या गजकर्णावरील विवेचनात एक उणीव पुष्कळदा जाणवते. कवकनाशक औषधे एका प्रकरणात आणि पीयूषिका ग्रंथीची विकृती दुसऱ्यात, अशी विभागणी होते; दोहोंचा सांधा जुळविण्याचे काम वाचकावरच पडते.

निरोगी घोड्यातील ट्रायकोफायटॉन इक्वायनम या कवकाचा संसर्ग बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. प्रामुख्याने १५ वर्षांवरील घोड्यांत आढळणाऱ्या उपर्युक्त विकृतीत मात्र ग्रंथीवरील डोपामिनचे नियंत्रण शिथिल होते, संप्रेरके अतिरिक्त स्रवतात, प्रतिकारशक्ती क्षीण होते आणि न गळणाऱ्या लांब केसांखाली त्वचा दमट राहते. अशा वेळी एनिलकोनॅझोलच्या ०·२ टक्के द्रावणाने अंग धुणे आवश्यक असले, तरी पुरेसे नव्हे. पर्गोलाइडने मूळ विकृतीस आवर घातला नाही, तर संसर्ग उलटण्याचा संभव राहतो.

तथापि उलट टोकाचा आग्रहही सदोषच होय. वृद्ध घोड्याचा प्रत्येक चट्टा संप्रेरकविकृतीमुळे उठत नाही. प्रत्येक खपली कवकाचीही नसते, कारण डर्माटोफिलस या जिवाणूचे चट्टे तसेच दिसतात. म्हणून केसांच्या नमुन्यातून कवकाचे संवर्धन करावे. रक्तातील एसीटीएच शरद ऋतूत निसर्गतःच वाढते. त्याचा अर्थ ऋतुमान पाहूनच लावावा. खाज शमविण्यासाठी कॉर्टिकोस्टेरॉइड देणे हा तर दुहेरी अनर्थ होय : कवक बळावते आणि खुरदाहाचे भय वाढते.

खरारा व खोगीर यांच्याद्वारे हा संसर्ग पागेत पसरतो, मोतद्दारासही जडतो. चट्टा बुजला की उपचार संपला, ही समजूत म्हणूनच त्याज्य मानली पाहिजे.