पेन्टॉक्सिफायलीन आणि लेशमानियाचा त्वचारोग : संशोधनाची चिकित्सा

लेशमानिया या परजीवीमुळे होणाऱ्या त्वचारोगावरील संशोधनात पेन्टॉक्सिफायलीनचा उल्लेख ‘वाहिनीविस्फारक औषध’ असा केला जातो. पायांच्या रोहिण्या अरुंद होऊन चालताना पोटऱ्या दुखणाऱ्या रुग्णांना ते पूर्वापार दिले जात असल्याने हे वर्णन चुकीचे नाही. परंतु प्रस्तुत संदर्भात ते दिशाभूल करणारे आहे. लेशमानियात त्याचा विचार झाला तो रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी नव्हे, तर टीएनएफ-अल्फा या दाहकारक प्रथिनाची निर्मिती रोखण्यासाठी.

ब्राझीलमध्ये आढळणाऱ्या लेशमानिया ब्राझिलिएन्सिस या जातीच्या संसर्गात व्रणात परजीवी थोडे असतात आणि ऊतींचा नाश मुख्यत्वे शरीराच्या अतिरेकी प्रतिकारामुळे होतो. नाक व घसा यांच्या श्लेष्मल त्वचेत हे विशेष तीव्रतेने दिसते. परजीवी अँटिमनीने मारावा व दाह पेन्टॉक्सिफायलीनने आवरावा, ही कल्पना म्हणूनच तर्कशुद्ध होती. अर्थात, परजीवी मारण्याच्या कामी शरीराला टीएनएफचीही गरज असते, हा पेच तिच्यात मुळापासूनच होता.

श्लेष्मल रोगाच्या २३ रुग्णांवरील ब्राझीलमधील चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. संयुक्त उपचार घेणारे सर्व ११ रुग्ण एकाच उपचारक्रमात बरे झाले. प्लॅसिबो गटातील १२ पैकी ५ जणांना दुसरा क्रम द्यावा लागला. व्रण भरण्यास सरासरी ८३ विरुद्ध १४५ दिवस लागले. निष्कर्ष आकर्षक आहे, पण रुग्णसंख्या तोकडी आहे. शिवाय येथे लाभ झाला तो मुख्यतः वेळेचा आणि टळलेल्या इंजेक्शनांचा. हृदय, यकृत व स्वादुपिंडाला अपाय करू शकणारे अँटिमनी महिनाभर टोचून घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने तोही लहान नव्हे. इराणमधील इस्फहान येथे २००६ मध्ये त्वचेच्या रोगावरही अनुकूल निष्कर्ष आला होता; मात्र तेथील परजीवीच्या जाती निराळ्या.

तथापि, ब्राझीलमधीलच १६४ रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीत त्वचेच्या व्रणांच्या बाबतीत ही आशा टिकली नाही. बरे होण्याचे प्रमाण संयुक्त उपचारात ४५ टक्के, तर केवळ अँटिमनी घेणाऱ्यांत ४३ टक्के होते. या निष्कर्षाची नोंद ‘पेन्टॉक्सिफायलीन निरुपयोगी’ एवढ्यावरच थांबवणे अपुरे ठरते. प्रमाणित उपचार घेऊनही निम्म्याहून अधिक रुग्ण बरे होत नाहीत, ही त्यातील अधिक गंभीर बाब होय.

श्लेष्मल रोगावरील यश त्वचेच्या रोगाला, किंवा ब्राझीलमधील अनुभव अन्य प्रदेशांना थेट लागू करणे शास्त्रीय नव्हे. राजस्थानातील बिकानेर परिसरात आढळणारा त्वचारोग प्रामुख्याने लेशमानिया ट्रॉपिकामुळे होतो; त्याच्या उपचाराचा निर्णय वरीलपैकी कोणत्याही आकड्यावरून देता येत नाही.