भयपटांतली म्हातारी

'तुंबाड' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा नरडाण्यात, घरी, सगळे झोपल्यावर मोबाईलवर. दुसऱ्यांदा सप्टेंबर २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा धुळ्याला जाऊन. सहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला पुन्हा गर्दी व्हावी हेच नवल. त्या गर्दीत बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी घरी आली नव्हती. लोक हस्तरला दचकले, पण त्याहून जास्त दचकले ते साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला. ती पडद्यावर येण्याआधी, नुसत्या तिच्या नावाने. माझ्या शेजारचा मुलगा हसत होता आणि डोळेही झाकत होता. मला मात्र या वेळी भीती वाटेना. वाटत होतं ते वेगळंच, आणि ते काय हे शोधण्यासाठी मी गेल्या वर्षभरात जमतील तेवढे भयपट पुन्हा पाहिले.

भयकथांचं वेड शाळेपासूनचं. नारायण धारपांची पुस्तकं आमच्याकडे पानं निखळेपर्यंत फिरत. शेवटची चार पानं नसलेली कादंबरी वाचून तिचा शेवट आपल्या मनाने लावायचा, हे माझं समीक्षेचं पहिलं शिक्षण. त्यामुळे 'तुंबाड'ची नाळ धारपांच्या 'आजी' या कथेशी आहे हे कळल्यावर आनंद झाला, आणि धारपांच्या कथेचं मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'त (१९८४) आहे हे कळल्यावर थोडा हिरमोड. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची कथा सांगितली आणि ती मनातून गेली नाही. म्हणजे अमेरिकेत लिहिलेली आजी पुण्यात मराठी झाली, विदर्भाच्या जंगलात तोंडी सांगितली गेली आणि कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली. उसनवारीचा ठपका ठेवणाऱ्यांनी हा प्रवास एकदा नीट पाहावा.

सांगाडा किंगचाच आहे, हे मान्य करायला हवं. किंगच्या कथेत मोठ्या भावाचा पाय मोडतो, आई त्याच्याकडे इस्पितळात जाते, धाकटा पोर म्हातारीपाशी एकटा राहतो. 'तुंबाड'मध्ये धाकटा सदाशिव झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन निघते, विनायक म्हातारीपाशी एकटा उरतो. इथपर्यंत दोन्ही वाटा एकच. फरक पुढे पडतो. किंगची आजी खरोखरच चेटकीण आहे. तिने ती विद्या आपणहून मिळवली आहे आणि तिला नातवाचं शरीर हवं आहे. तुंबाडची म्हातारी चेटकीण नाही. तिला हस्तरचा स्पर्श झालेला आहे, आणि ज्याला तो झाला त्याला मरण नाही. एवढाच तिचा गुन्हा. घराण्याच्या हावेचं फळ तिच्या देहावर उगवलं आणि लोकांनी त्या देहालाच राक्षस म्हटलं.

विनायक मोठा होऊन परत येतो तो प्रसंग आठवा. म्हातारीच्या छातीतून झाड उगवलं आहे, ती भिंतीचा भाग होऊन गेली आहे, तरी जिवंत आहे. ती त्याला खजिन्याचं गुपित सांगते आणि मोबदल्यात सुटका मागते. तो तिला जाळतो. मी म्हणेन, या चित्रपटातला सगळ्यात भयंकर माणूस इथे ठरतो, आणि तो म्हातारी नव्हे. तिचे हाल पाहून विनायकाच्या मनात आधी येतो तो सौदा. हस्तरच्या गर्भगृहात पुढे जे घडतं ते नेत्रदीपक आहे, कणकेच्या बाहुलीची कल्पना तर अफाट. पण माझ्या लेखी चित्रपट त्या झाडापाशी वर पोहोचतो आणि नंतर उतरतो. अडचण एवढीच, की प्रेक्षक तोवर तिला भिऊन मोकळा झालेला असतो. तिला बोलायला मिळतं ते फार उशिरा.

'मुंज्या' (२०२४) हा याच्या उलट. तिथली आजी, सुहास जोशींनी केलेली, नातवावर जीव टाकणारी आहे. मुंज्या झालेला पोरगा तिचाच भाऊ, आणि लहानपणी त्याने तिचाच बळी द्यायचा घाट घातला होता. इतका मोठा घाव पोटात घेऊन ही बाई म्हातारी झाली, यावर एक स्वतंत्र चित्रपट होईल. आदित्य सरपोतदारांचा चित्रपट तिला मध्येच मारून टाकतो आणि विनोदाकडे वळतो. विनोद चांगला आहे, मी पोट धरून हसलो. पण पिंपळावरचा मुंजा संगणकावर इतका बारकाईने रंगवला की त्याचं भय गेलं. आमच्याकडे मुंजा कुणी पाहिलेला नसतो, त्यातच त्याचं बळ.

जाता जाता एक तक्रार. मराठी भय दरवेळी कोकणातच का उतरतं? 'तुंबाड', 'मुंज्या', 'रात्रीस खेळ चाले', सगळं तिकडेच. रात्री केळीच्या बागेत एकट्याने उभं राहून पानांचा आवाज ऐकलेला एकही पटकथाकार नसावा.

ती कोंडी फोडली विशाल फुरियांच्या 'लपाछपी'ने (२०१७). उसाच्या फडात हरवलेलं घर, गरोदर बाई आणि उषा नाईकांची तुळसाबाई. पोटातल्या मुली नाहीशा करणारं घर आणि त्या घराला धरून बसलेली बाई. २०२१ मध्ये फुरियांनीच याचा 'छोरी' हा हिंदी अवतार केला. तो अधिक चकचकीत आहे, पण मला मूळ पसंत. इथे म्हातारी खरोखर क्रूर आहे, भुतं मात्र अन्याय झालेल्यांची आहेत. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली राज्यात ८९४ होत्या, जळगाव जिल्ह्यात ८४२. हे आकडे डोक्यात ठेवून खानदेशातल्या माणसाने 'लपाछपी' पाहिला की भूत कुठलं आणि घर कुठलं, हे विचारावं लागत नाही. तरीही एक खटकतं. या धंद्यात डॉक्टर, नवरा, सासरा, सगळेच असतात. लक्षात राहतो तो म्हातारीचा चेहरा.

हे मला का खटकतं? सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या मी वाचत आलो आहे. १९९८ पर्यंत तो सगळा भाग आमच्याच धुळे जिल्ह्यात होता. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची वाचावी. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते असा समज पसरवणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याच्या कोरड्या भाषेत गुरांच्या दुधाचा उल्लेख यावा लागला, यावरून हा संशय किती घरगुती असतो ते कळतं.

आणि हे फक्त डोंगरातलं नाही. आमच्या गल्लीत एक विधवा म्हातारी होती. मूलबाळ नाही, पाठीला बाक, एक डोळा पांढरा पडलेला. "तिना हातनं काही खाऊ नको," हे आम्हा पोरांना घरोघरी बजावलेलं. एकदा संक्रांतीला तिने हातावर तिळाचा लाडू ठेवला. मी कोपऱ्यापर्यंत पळत गेलो आणि गटारीत टाकला. मागे वळून पाहिलं तेव्हा ती दारातच उभी होती. मी तेव्हा धारप वाचायला लागलो होतो, आणि खरं सांगायचं तर तिला भिण्यात मला मजा येत होती.

गेल्या वर्षभरात पाहिलेल्यांत 'रेलिक' (२०२०) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट म्हणूनच सगळ्यात जवळचा वाटला. नॅटली एरिका जेम्स यांचा. स्मृती जात चाललेली आजी, तिच्या घराच्या भिंतींवर चढणारी काळी बुरशी, दाराला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. सगळी सामग्री नेहमीच्याच भयपटाची, शेवटी तर आजीचं माणूसपणच गळून पडतं. लेक आणि नात दाराशी पोहोचतात, सुटका समोर असते. आणि लेक परत फिरते. ती त्या काळ्या पडलेल्या देहाची उरलेली कातडी हलक्या हाताने सोलते, त्याला पलंगावर निजवते आणि पाठीमागे त्याला बिलगून झोपते. चित्रपटगृहात हे पाहताना लोक किंचाळतील की गप्प होतील, ते मला पाहायला आवडलं असतं.

आमच्या गल्लीतली म्हातारी मी आठवीत असताना गेली. तिचा पांढरा डोळा, दार, ओटा, सगळं आठवतं. आवाज आठवत नाही. लाडू देताना ती काहीतरी म्हणाली होती. मी ते ऐकायला थांबलो नव्हतो.